तकलीफ काही नाही

दादा, आपला वाद मिटला. मी जिंकले.

नऊ वर्षं तू मला हरवत आलास, आणि आता मी जिंकले तर हार मानायला तू जागेवर नाहीस. हीसुद्धा तुझीच चाल असणार. परवा तुझं तेरावं झालं. काल दुपारी पलासियावरून व्यास डॉक्टर आले, पाऊण तास बसले, वहिनीच्या हातचा चहा प्याले, आणि मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले तेव्हा मला जे सांगून गेले त्यानंतर मी एका जागी बसूच शकलेले नाही. वहिनीनं दोनदा विचारलं, "वन्सं, काय झालं? अशा गोल-गोल का फिरताय?" तिला काय सांगू? तुझ्या फोटोचा हार अजून सुकला नाही आणि नणंदेला आनंदानं ओरडावंसं वाटतंय, हे सांगायची काही सोय आहे का? म्हणून तुलाच लिहायला बसले.

डॉक्टर काय म्हणाले ते सांगते, पण शेवटी. आधी सगळी हकीकत पहिल्यापासून. आजवर ती तू सांगत आलास, आपल्या सोयीनं, आणि ऐकणारे तुझ्या बाजूनं हसत आले. आज माझी पाळी आहे.

तू नोकरीला लागलास तेव्हा होळकरांचं राज्य होतं. मग मध्य भारत झाला, मग मध्य प्रदेश. कागदाच्या माथ्यावरचं नाव बदलत गेलं, राजधानी भोपाळला गेली, पण तुझं टेबल तेच राहिलं आणि जमिनीच्या जुन्या नोंदींचे लाल कापडात बांधलेले बस्तेही तेच. नवं राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा तुझ्या मानेत गाठी आल्या, ताप येऊन-जाऊन राहायला लागला, आणि इस्पितळात रक्त तपासल्यावर कळलं की रक्ताचा कॅन्सर आहे. तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की हा धीम्या चालीचा आहे. बरा होणार नाही, पण घाईही करणार नाही, वर्षानुवर्षं सोबत राहील. वहिनी आणि मी एकमेकींच्या तोंडाकडे बघायचं टाळत होतो, आणि तू पायऱ्या उतरता उतरता म्हणालास, "म्हणजे आपल्या दफ्तरासारखाच की." मला हसू फुटलं. त्या हसण्याबद्दल मी तुला अजून माफ केलेलं नाही.

पुढच्या काही महिन्यांत तू बस्ते काढायच्या शिडीवरून दोनदा घसरलास. रजा संपत आली. मग एका रविवारी तुमचे बडे बाबू चौबेजी घरी आले आणि त्यांनी आपल्याला एक नवीन शब्द शिकवला, इनव्हॅलिड पेन्शन. "देखो भिया," ते तुला म्हणाले, "नियम साफ है. डाक्टरों का बोर्ड लिख दे कि आदमी अब नौकरी के लायक नहीं रहा, तो जिंदगीभर पेंसन. नहीं लिखे, तो ड्यूटी पे आओ. और ड्यूटी पे नहीं आए, तो छुट्टी खतम होते ही नाम कटेगा और हाथ में कुछ नहीं." म्हणजे तीन डॉक्टर एक ओळ काय लिहितात, त्यावर आपलं घर चालायचं होतं. माझी मुलींच्या शाळेतली नोकरी होती, पण तेवढ्यात तीन माणसं आणि तुझी औषधं भागणं शक्य नव्हतं.

अर्ज मी लिहिला. तिन्ही राज्यांतली तुझी सर्व्हिस बुकं जुळवली, एका जुन्या पानावर शिक्काच नव्हता तो मिळवायला चार खेपा घातल्या, इस्पितळाच्या रिपोर्टाच्या नकला करून घेतल्या. खरं सांगू? मला उत्साह आला होता. घरात कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं, पण अर्जाबद्दल मात्र आपण तिघं तासन्‌तास बोलू शकत होतो. लढाईवर निघाल्यासारखी मी सकाळी पिशवी घेऊन निघायची आणि तू ओट्यावरून विचारायचास, "आज कोणता गड?"

मग बोर्डाचा दिवस उजाडला. तू खोलीतून बाहेर आलास आणि मी कपाळाला हात लावला. पांढरी शुभ्र अचकन, आबांचं ठेवणीतलं पागोटं, कानात अत्तराचा फाया, मिशा नेटक्या कातरलेल्या. मी म्हटलं, "दादा, आजारी माणूस असा नटून जातो का? जरा तरी आजारी दिस ना." तू म्हणालास, "सरकारसमोर जायचंय, कुसुम. असाच उठून कसा जाऊ? बेअदबी होते ना."

आपल्याकडे ही रीतच होती, हे मी विसरले नव्हते. आपल्या तीन पिढ्या दरबारात उभ्या राहिल्या. आबांनी आपल्याला नमस्कार करायला शिकवलं त्याच वयात हेही शिकवलं की मोठ्या माणसानं खुशाली विचारली तर उत्तर एकच द्यायचं, आपल्या कृपेनं सगळं ठीक आहे. आपलं दुखणं वरिष्ठांपुढं काढायचं नाही. काढलं म्हणजे काहीतरी मागायला आलो असा त्याचा अर्थ, आणि मागायला जायचं नाही. हे सगळं मला पाठ होतं. पण तू ते मेडिकल बोर्डापुढं म्हणशील हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

मी आणि चौबेजी व्हरांड्यात उभे होतो. पाच मिनिटांत तू बाहेर आलास, चेहरा खुललेला.

"फार सज्जन माणसं आहेत," तू म्हणालास. "बसायला खुर्ची दिली."

"विचारलं काय?"

"तबियत कैसी है, असं विचारलं. मी म्हटलं, आपकी मेहरबानी से बिल्कुल ठीक है."

"आणि?"

"मग विचारलं, कोई तकलीफ? म्हटलं, जी नहीं, कोई तकलीफ नहीं."

चौबेजी भिंतीला टेकले. "अरे भिया," ते म्हणाले, "कर दिया कल्याण." तुला मात्र ते कशाबद्दल बोलतायत हेच कळलं नाही.

तीनेक आठवड्यांनी निकाल आला. त्या दिवशी मी शाळेतून घरी येते तो घरात तुपाचा वास. वहिनीनं माझ्या हातात शिऱ्याची वाटी ठेवली. "वन्सं, चिठ्ठी आली. डॉक्टरांनी लिहून दिलंय, हे फिट आहेत." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, देवापुढं निरांजन होतं आणि शेजारच्या तीन घरी शिरा पोचला होता. मी चिठ्ठी वाचली. नोकरीस योग्य, अर्जदाराच्या स्वतःच्या सांगण्यानुसार त्याला कोणतीही तकलीफ नाही. ही बातमी चांगली नाही, सगळ्यात वाईट आहे, हे मला त्या बाईला समजावून सांगावं लागलं, दादा. तिनं शेवटी एवढंच विचारलं, "मग आता शेजारी काय सांगू?" तू दोन चमचे शिरा खाल्लास आणि उरलेला गोग्रासासाठी काढून ठेवलास. त्या दिवसांत तू एकाएकी देवभोळा झाला होतास, रोज पानातलं अर्धं गाईसाठी काढायचास. आम्हाला त्याचं मोठं कौतुक वाटायचं.

मी तुझ्यावर खूप भडकले. "खोटं कशाला बोललास?" तू शांतपणे म्हणालास, "खोटं कसलं? खुशाली विचारली, खुशाली सांगितली. ते लिहून घेतील हे मला काय माहीत? आबांच्या वेळी खुशाली कुणी लिहून घेत नसे." आणि मनातल्या मनात तुला थोडा आनंद झाला होता, हेही मी पाहिलं. तीन डॉक्टरांनी तुला धडधाकट म्हटलं होतं. तू तो कागद घडी घालून खिशात ठेवलास.

पण मी मास्तरीण. नापास झालेल्याला पुन्हा बसवायचं असतं एवढंच मला ठाऊक. तू पुन्हा दफ्तरात जायला लागलास, मी दुसऱ्या तपासणीचा अर्ज केला, नव्यानं रक्त तपासून घेतलं, इस्पितळातल्या डॉक्टरांकडून पत्र घेतलं. आणि तालीम सुरू केली. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी चाळीस-चाळीस पोरींचं नाटक बसवलं आहे, पण तुझ्याइतका ढ नट मला भेटला नाही. वाक्यं मी लिहून दिली होती: मला थकवा येतो, ताप येतो, काम होत नाही. सोपी वाक्यं. तू म्हणायचास, "मला जरा थकवा येतो, पण विशेष काही नाही." मी 'जरा' काढलं, 'पण' काढलं, 'विशेष काही नाही' काढलं. तू म्हणालास, "मग माझ्याकडं उरलं काय?"

डॉक्टर व्हायचं काम वहिनीला दिलं. तिनं तुझा चष्मा लावला, पाटावर बसली, आणि समोर तू उभा असताना विचारलं, "इनको क्या होता है?" मी म्हटलं, "वहिनी, डॉक्टर यांनाच विचारणार ना? आपको क्या होता है, असं म्हणायचं." ती लाजून म्हणाली, "मी नाही बाई. यांना तोंडावर कसं विचारू?" शेवटपर्यंत तिनं 'इनको'च विचारलं. मग तू भिंतीकडे बघून उत्तर द्यायला लागलास, "इनको थकवा आता है." आपण तिघं इतके हसलो की पाट उलटला. दादा, तालमीच्या त्या तीन आठवड्यांसारखं हसणं आपल्या घरात आधी कधी झालं नव्हतं, पुढेही झालं नाही. तो आजार मला कधी मित्र वाटला नाही, पण त्या दिवसांसाठी मी त्याची ऋणी आहे.

दुसरा बोर्ड भर थंडीत आला. त्याआधी तीन दिवस मी तुला दाढी करू दिली नाही. पागोटं कपाटात कुलूपबंद केलं. साधा कोट, मफलर, आणि तोंड पाडून चालायचं अशी सक्त ताकीद. टांग्यात मला अत्तराचा वास आला, पण मी गप्प बसले. व्हरांड्यातल्या बाकावर मी बसले, तुझं नाव पुकारलं गेलं, तू आत गेलास. माझ्या डोक्यामागं त्या खोलीची खिडकी होती, घट्ट लावलेली. आतलं काही ऐकू येईना. मी मनात तुझी वाक्यं म्हणत होते.

चारपाच मिनिटांनी आतल्या चपराशानं ती खिडकी उघडली. मी शाल डोक्यावरून घेतली आणि पुटपुटले, एवढ्या गारठ्यात याला कसली हवा हवी झाली? आणि मला तुझा आवाज ऐकू आला.

तू माझं एकही वाक्य म्हटलं नाहीस. तू सावकाश, एखाद्या जुन्या नोंदीतलं वाचून दाखवावं तसं, हिंदीत सांगत होतास. की दोन घासांत पोट भरतं, डाव्या बरगडीखाली दगड ठेवल्यासारखं वाटतं; घरच्यांना कळू नये म्हणून अर्धं ताट गाईला घालतो. की पहाटे सदरा घामानं पिळून निघतो. बायको उठायच्या आत तो गच्चीवर वाळत घालतो आणि दुसरा चढवतो. की गच्चीचा जिना चढताना आठव्या पायरीवर श्वास संपतो, तेव्हा धोतराचा काठ नीट करायच्या निमित्तानं थांबतो. की दफ्तरात बस्ता हातात घेतला की शंभर वर्षांपूर्वीचा कुणाचा तरी बांध आपल्या हातून फाटेल अशी भीती वाटते. आणि मग तू म्हणालास, "डर लगता है, डाक्टर साहब. घर में सब हँसते रहते हैं, अच्छा लगता है. इसलिए बोलता नहीं."

नीट ऐकू यावं म्हणून मी शाल कानांवरून मागं सारली.

तू बाहेर आलास ते हसतच. टांग्यात बसल्यावर मी तुझा हात धरला आणि विचारलं, "दादा, हे सगळं खरं होतं?" तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू मी गणितात चुकले. "तू ऐकलंस? अगं, ॲक्टिंग होती ती. तुझी वाक्यं फार कच्ची होती, म्हणून मी माझी घातली. पास झालो की नाही बघ." मी म्हटलं, "खोटं." तू म्हणालास, "मास्तरीणबाई, शिष्य पुढं गेला की गुरूला पोटात दुखतं." मग वाटेत टांगा थांबवून तू गरम जलेबी घेतलीस. एक वेढा खाल्लास आणि बाकीची टांग्याच्या घोड्याला घातलीस. मी बघते आहे हे पाहून म्हणालास, "त्याला आवडते." आणि घर जवळ आल्यावर म्हणालास, "वहिनीला यातलं काही बोलू नकोस हां. उगीच काळजी करत बसेल." ॲक्टिंग होती, तर वहिनीपासून लपवायचं काय, असं मी विचारलं नाही. तो माझा सगळ्यात मोठा मुद्दा होता आणि तो मला सुचला दुसऱ्या दिवशी, फळ्यावर भागाकार लिहिताना.

पेन्शन मंजूर झाली. भोपाळहून कागद आला तेव्हा वहिनीनं पुन्हा शिरा केला, पण या वेळी वाटण्याआधी मला वाचायला दिला, कागद. मग चौबेजींना बोलावलं, आणि त्यांनी तुझं अभिनंदन केलं, "बधाई हो भिया, अब तुम सरकारी बीमार हो गए." केवढा आनंद झाला होता आपल्याला. माणूस कामाचा राहिला नाही असं सरकारनं लिहून दिलं, आणि आपण घरात नाचत होतो.

तिथून नऊ वर्षं वाद. मी म्हणायची, खरं होतं. तू म्हणायचास, ॲक्टिंग. दिवाळीला वाद, पाहुणे आले की वाद. पाहुण्यांपुढं फक्त तालमीचा भाग, पुढचा आपला आपल्यात. मी गच्चीवर सदरे शोधत गेले तर तू ते दुसरीकडं वाळत घालायला लागलास. मी म्हटलं, आठव्या पायरीवर थांबतोस. त्या आठवड्यात तू माझ्यादेखत न थांबता वरपर्यंत चढलास आणि वर जाऊन कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभा राहिलास, शहर बघत असल्यासारखा. मी हरले असं तू जाहीर केलंस.

त्यातून तू काय सुरू केलंस, तर ओट्यावर बसून दुसऱ्यांचे अर्ज लिहून देणं. गिरणीत छाती खराब झालेला कुणी यायचा, गौतमपुऱ्याहून पाय गेलेला कुणी शिपाई यायचा. आणि तू त्यांना दरडावायचास, "खुलके बोल भिया. कहाँ दुखता है, कब दुखता है, सब बोल. शरम का काम नहीं. तू नहीं बोलेगा तो बोर्ड को क्या सपना आएगा?" मी आत स्वयंपाकघरात हात कपाळावर मारून घ्यायची. एकदा त्यातला एकजण गेल्यावर मी दारात येऊन विचारलं, "आणि आपल्याला कहाँ दुखता है, दादासाहेब?" तू लेखणी पुसत म्हणालास, "आपकी मेहरबानी से, कहीं नहीं."

आणि वर्षातून एकदा तुझा तो थाट. पेन्शन घेणारा जिवंत आहे, असं मोठ्या हुद्द्याच्या कुणीतरी दरसाल लिहून द्यावं लागायचं. तू दरसाल व्यास डॉक्टरांकडेच जायचास, बोर्डातल्या तिघांत जे सगळ्यात तरुण होते त्यांच्याकडे. "ज्यानं आजारी लिहिलं त्यानंच जिवंत लिहावं," असं तुझं म्हणणं. त्या दिवशी अचकन, पागोटं, अत्तर, सगळं. मीही अडवायची नाही. जिवंत असल्याचा दाखला आणायला माणसानं नटूनच जावं.

या शेवटच्या महिन्यात तू अंथरुणाला खिळलास तेव्हासुद्धा रोज सकाळी मी विचारायची, कसं वाटतंय? तू म्हणायचास, ठीक. शेवटच्या सकाळीही तेच म्हणालास. मला इतका राग आला होता, दादा. तुझ्या उशाशी बसून मी तुझ्यावर रागावले होते, आणि तो राग घेऊनच मी तेरा दिवस काढले.

आता काल. डॉक्टर फाटकापाशी थांबले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी न राहवून विचारलं. म्हटलं, डॉक्टरसाहेब, दुसऱ्या बोर्डाच्या वेळी दादा जे बोलले ते खरं होतं की पेन्शनीसाठी? ते चमकले. "पेन्शन के लिए? बहनजी, पेन्शन तो हो चुकी थी."

नव्या रिपोर्टातलं रक्त इतकं वाईट होतं की तुला आत बोलवायच्या आधीच तिघांनी सह्या केल्या होत्या. तू आत गेल्या गेल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, "दादासाहेब, काम हो गया. घर जाइए, आराम कीजिए." तू विचारलंस, "दस्तखत हो गए?" त्यांनी कागद दाखवला. तू तो नीट वाचलास, तिन्ही सह्या पाहिल्यास, परत दिलास. आणि म्हणालास, "तो अब मैं माँगनेवाला नहीं रहा. अब बताऊँ, तो चलेगा?"

दादा, मी फाटकाची कडी धरून उभी होते आणि मला हसू येत होतं. सह्या झाल्यावर ॲक्टिंग कुणासाठी करतं माणूस? नऊ वर्षांचा वाद एका वाक्यात संपला. मी तुला तिथंच ओरडून सांगणार होते की हरलास, पुरता हरलास, आबांच्या रीतीनंच तुला पकडलं.

डॉक्टर मात्र अजून बोलत होते. म्हणाले, "और एक बात मुझे आज तक याद है. बोलने से पहले उन्होंने कहा, बाहर बेंच पर मेरी बहन बैठी है. जरा वो खिड़की खुलवा दीजिए."

चपराशाला मी उगीच बोल लावला होता.

तेव्हापासून मी गोल-गोल फिरते आहे. मी नऊ वर्षं तुझ्याकडून कबुली मागत राहिले, आणि ती तर तू मला पहिल्याच दिवशी दिली होतीस, एवढ्या थंडीत खिडकी उघडायला लावून. दोनदा म्हणायला लावू नये अशी गोष्ट मी दर दिवाळीला तुला म्हणायला लावत होते. तू 'ॲक्टिंग' म्हणायचास ते मला चिडवायला नव्हे. आमचं हसणं तुला चालू ठेवायचं होतं. पण मग हेही आठवलं की त्या बोर्डाच्या दुसऱ्या दिवशी मी आठव्या पायरीशी एक स्टूल नेऊन ठेवलं होतं, कुंडी ठेवायला म्हणून. कुंडी कधी ठेवली नाही. ते स्टूल कशाला, असं तू एकदाही विचारलं नाहीस. नऊ वर्षं त्यावर बसलास. तुझं ताट मी त्या दिवसापासून अर्धंच वाढायला लागले, तेही तू काही न बोलता संपवायचास, आणि गाय हळूहळू यायची थांबली. तोंडानं आपण भांडत होतो. बाकी सगळं तू सांगितलेलं मी ऐकलं होतं, आणि मी ऐकलं हे तुला ठाऊक होतं. एवढंच मोठ्यानं म्हणायचं राहिलं, की दादा, मी ऐकलं.

आता तुझ्याकडून मला काही मिळायचं नाही, म्हणून तुझ्याच रीतीनं सांगते. समाचाराला येणारे विचारतात, कुसुमताई, कशा आहात? मी म्हणते, ठीक आहे, तकलीफ काही नाही. ते खोटं आहे. दोन घासांत माझं पोट भरतं. जिन्यात त्या स्टुलाशी आले की पाय पुढं जात नाहीत. सकाळचा चहा अजून तीन कप होतो आणि तिसरा कोण पिणार हे वहिनीही विचारत नाही, मीही विचारत नाही. मला भीती वाटते.

वहिनीला त्या दिवसाबद्दल मी कधी काही सांगितलं नाही. तू नको म्हणाला होतास. तोंडावर सांगणं मलाही जमायचं नाही, मीही आबांचीच मुलगी. ती आत्ता स्वयंपाकघरात गहू निवडत बसली आहे. मी हे तुला पहिल्यापासून मोठ्यानं वाचून दाखवणार आहे. त्याआधी मधली खिडकी उघडते.